परिच्छेदांमधली ती जागा कोण सोडतं?

वर्डमध्ये कोरी फाइल उघडा. एक ओळ टाइप करा, एंटर मारा, दुसरी ओळ टाइप करा. दोन ओळींच्या मधे जरा जास्तच जागा सुटलेली दिसेल. तुम्ही ती सोडलेली नाही. बॅकस्पेस मारून घालवायला जावं तर खालची ओळ वरच्या ओळीला येऊन चिकटते, आणि पुन्हा एंटर मारलं की जागा परत हजर. सोसायटीची नोटीस, नोकरीचा अर्ज, प्रबंध, दिवाळी अंकाला पाठवायची कथा, काहीही लिहिणारा माणूस इथे एकदा तरी अडतो. त्यावरचे आपले उपायही ठरलेले आहेत. जागा कमी वाटली की आणखी एक एंटर. ओळ आत सरकवायची तर स्पेसबार, पाच-सहा वेळा.

काम भागतं, पण त्या दिवसापुरतं. छपाईसाठी माझ्याकडे ज्या फाइली येतात, त्यातल्या बहुतेकींमध्ये पहिले काही तास हे जादा एंटर आणि स्पेस वेचण्यातच जातात. मजकूर आणि मोकळी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्ड प्रोसेसर त्या वेगवेगळ्या ठिकाणी साठवतो, एवढं एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं आहे.

एंटर मारल्यावर नेमकं काय होतं?

होम टॅबवर ¶ असं उलट्या 'पी'सारखं दिसणारं एक बटण असतं. ते दाबा, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि 8 एकत्र दाबा. वर्डसारख्याच लिब्रेऑफिसमध्ये हेच काम कंट्रोल आणि एफ-10 करतात. एरवी न दिसणाऱ्या खुणा लगेच पडद्यावर येतात. जिथे स्पेस दिली तिथे मधोमध ठिपका, जिथे टॅब मारला तिथे बाण, आणि जिथे एंटर मारलं तिथे ¶.

ही ¶ खूण म्हणजे परिच्छेद संपल्याची नोंद. आपल्याला वाटतं एंटर म्हणजे 'पुढच्या ओळीवर जा'. वर्डच्या लेखी एंटर म्हणजे 'हा परिच्छेद संपला, दुसरा सुरू'. त्यामुळे शीर्षक हा एक परिच्छेद, 'प्रति,' हा एक परिच्छेद आणि नुसतं एंटर मारून सोडलेली रिकामी ओळ हाही एक परिच्छेद, आत एकही अक्षर नसलेला. परिच्छेद डावीकडून किती आत असावा, वर-खाली किती जागा सोडावी, ओळींमध्ये किती अंतर असावं, ही सगळी माहिती त्या ¶ खुणेपाशी ठेवलेली असते. म्हणूनच कधी कधी दोन परिच्छेद जोडायला एखादी खूण पुसली की जोडलेल्या मजकुराचं रूप एकदम पालटतं. मजकुराला कुणी हात लावलेला नसतो, त्याच्या सूचना मात्र खुणेबरोबर गेलेल्या असतात.

परिच्छेद न संपवता फक्त खालच्या ओळीवर यायचं असेल तर शिफ्ट धरून एंटर. तिथे ¶ ऐवजी वळलेला छोटा बाण दिसतो. पत्त्याच्या चार ओळी, कवितेच्या कडव्यातल्या ओळी यांच्यासाठी ही सोय आहे.

ही सवय आली कुठून?

टाइपरायटरवरून. गोदरेजने 1955 साली भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली. त्यानंतर गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या. त्या यंत्राला परिच्छेद वगैरे काही कळत नसे. दांडी ओढली की कागद वर सरके. जागा हवी तर दांडी दोनदा ओढायची. परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायची तर स्पेस ठोकायच्या किंवा टॅब वापरायचा. यंत्रात दुसरा मार्गच नव्हता, त्यामुळे तिथे ते बरोबरच होतं. कळफलक तसाच्या तसा संगणकावर आला आणि बोटांची सवयही त्याच्याबरोबर आली.

समास, इंडेंट आणि पट्टीवरचे त्रिकोण

पानाला एक प्लॉट समजा. पानाचा समास म्हणजे प्लॉटचं कुंपण. त्याच्या आत परिच्छेदाचं घर कुंपणापासून किती आत बांधायचं, ते अंतर म्हणजे इंडेंट. कुंपण सगळ्या घरांना एकच असतं, पण प्रत्येक घर आपापलं अंतर राखू शकतं. एका परिच्छेदासाठी पानाचा समास हलवायला गेलात तर अख्खं कुंपण हलतं आणि सगळी घरं त्याच्याबरोबर सरकतात.

वर्डमध्ये व्ह्यू टॅबवरून रूलर सुरू केला की वर पट्टी दिसते. तिच्या डाव्या टोकाला एकावर एक तीन छोट्या खुणा असतात. वरचा त्रिकोण फक्त पहिली ओळ हलवतो. खालचा त्रिकोण पहिली ओळ सोडून बाकीच्या ओळी हलवतो. सगळ्यात खालचा चौकोन सगळ्या ओळी एकत्र हलवतो. माउसने धरायला जावं तर या तीन खुणा एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की हमखास भलतीच हातात येते. मी तरी पट्टीवर फक्त बघतो. आकडे मात्र 'पॅरेग्राफ' नावाच्या खिडकीत टाकतो. मजकुरावर राइट क्लिक केलं की ती सापडते.

त्या खिडकीत इंडेंटसाठी अनेकदा 1.27 हा विचित्र आकडा दिसतो. तो सेंटिमीटरमधला अर्धा इंच आहे. वर्ड जिथे जन्माला आला तिथे इंच चालतात, आपल्याकडे ते सेंटिमीटरमध्ये दाखवले जातात, म्हणून हा असा तुटका आकडा. तो काही नियम नाही. पुस्तकी मजकुराला अर्धा इंच मला फार वाटतो. 0.6 सेंटिमीटरच्या आसपास पहिली ओळ आत घेतली तरी परिच्छेद बदलल्याचं डोळ्याला पुरेसं कळतं.

टॅबबद्दल एक खोच आहे. आधीच लिहिलेल्या परिच्छेदाच्या सुरुवातीला कर्सर नेऊन टॅब मारला तर वर्ड बहुधा स्वतःच तो पहिल्या ओळीच्या इंडेंटमध्ये बदलून टाकतो. रिकाम्या ओळीवर टॅब मारून मग लिहायला लागलात तर तिथे खराखुरा टॅब बसतो. दिसायला दोन्ही सारखे. ¶ चं बटण दाबल्याशिवाय फरक कळत नाही, आणि एकाच फाइलमध्ये हे दोन्ही प्रकार मिसळलेले असले की पुढे निस्तरणाऱ्याच्या नाकी नऊ येतात.

मग ती आपोआप सुटलेली जागा?

त्याच खिडकीत 'स्पेसिंग' खाली 'बिफोर' आणि 'आफ्टर' असे दोन रकाने आहेत: परिच्छेदाच्या वरची जागा आणि खालची जागा. मोजमाप पॉइंटमध्ये. 72 पॉइंट म्हणजे एक इंच, म्हणजे 12 पॉइंटची जागा साधारण सव्वाचार मिलिमीटर.

वर्ड 2003 पर्यंत कोऱ्या फाइलमध्ये हे दोन्ही आकडे शून्य होते आणि ओळींमधलं अंतर 'सिंगल'. वर्ड 2007 ने ते बदललं. परिच्छेदाखाली 10 पॉइंट आणि ओळींमधलं अंतर सिंगलच्या 1.15 पट. वर्ड 2013 मध्ये ते 8 पॉइंट आणि 1.08 झालं. जुन्या वर्डवर हात बसलेल्यांना 'नवीन वर्ड जागा फार सोडतं' असं वाटायला लागलं ते तेव्हापासून. ती जागा नको असेल तर मजकूर निवडा आणि 'आफ्टर'मध्ये शून्य टाका, झालं काम. गूगल डॉक्समध्ये कोऱ्या फाइलला ही जागा शून्यच असते. त्यामुळे तोच लेखक एका ठिकाणी एक एंटर मारतो आणि दुसऱ्या ठिकाणी दोन, आणि दोन्हीकडचा मजकूर एकत्र केला की फटींची जत्रा भरते.

खाली एक चौकटही आहे: एकाच स्टाइलच्या परिच्छेदांमध्ये जागा सोडू नका, अशा अर्थाची (स्टाइल म्हणजे काय ते पुढे येतंच). तिथे टिक असेल तर आफ्टरमध्ये 50 टाकलेत तरी ढिम्म हलत नाही. 'आकडा बदलतोय पण काहीच होत नाही' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा या चौकटीत असतं.

बिफोर आणि आफ्टर दोन्ही वापरायची गरज नसते. साध्या मजकुराला फक्त आफ्टर द्यावं. बिफोर राखून ठेवावं उपशीर्षकांसाठी: वर 12 आणि खाली 4 असं काहीतरी, म्हणजे उपशीर्षक खालच्या मजकुराला बिलगून राहतं.

पहिली ओळ आत घ्यावी की मधे जागा सोडावी?

दोन्हीपैकी एक. कथा-कादंबरीच्या पुस्तकात परिच्छेदांमध्ये जागा नसते, पहिली ओळ आत असते. कार्यालयीन पत्रात आणि पडद्यावर वाचायच्या मजकुरात बहुधा उलट, ओळ समासालाच लागलेली आणि मधे जागा. दोन्ही एकाच वेळी केलं तर चूक म्हणता येणार नाही, पण वाचणाऱ्याला 'परिच्छेद बदलला' हे दोनदा सांगितल्यासारखं होतं. शिवाय कादंबरीत रिकाम्या जागेला अर्थ असतो. तिथे प्रसंग बदलतो, काळ पुढे जातो. प्रत्येक परिच्छेदानंतर जागा सोडली की तो अर्थ वाया जातो.

शीर्षकानंतरचा पहिला परिच्छेद आत घ्यावा की नाही यावर मराठी पुस्तकांत दोन्ही प्रथा दिसतात. कुठलीही पाळा, पण शेवटपर्यंत तीच पाळा.

नाटकाची संहिता: उलटा इंडेंट

पहिली ओळ बाहेर आणि बाकीच्या आत, याला हँगिंग इंडेंट म्हणतात. संदर्भसूचीत तो लागतो, ठरावांच्या क्रमांकित कलमांत लागतो. पण त्याची खरी गंमत नाटकाच्या संहितेत कळते. एकांकिका स्पर्धांच्या हंगामात फिरणाऱ्या संहिता बघा. डावीकडे पात्राचं नाव, मग बरीचशी मोकळी जागा, मग संवाद. 'आबा' हे नाव दोन अक्षरी, 'सुलोचनाबाई' सहा अक्षरी. संवाद सगळे एका रेषेत यावेत म्हणून लेखक आबानंतर पंधरा स्पेस मारतो आणि सुलोचनाबाईंनंतर चार. अक्षरांच्या रुंद्या वेगवेगळ्या असल्याने रेषा कधीच जुळत नाही. संवाद दुसऱ्या ओळीवर गेला की ती ओळ थेट समासाला जाऊन नावांच्या रकान्यात घुसते. मग तिथेही पंधरा स्पेस. पुढे दिग्दर्शकाने एक शब्द काढायला सांगितला की सगळ्या ओळी नव्याने मोडतात, आणि त्या पंधरा स्पेस वाक्याच्या ऐन मधे येऊन बसतात.

हेच असं करा. सगळे संवाद निवडा. पॅरेग्राफच्या खिडकीत 'स्पेशल' या रकान्यात 'हँगिंग' निवडा आणि बाजूला 3 सेंटिमीटर टाका. आता 'आबा' लिहा, एकदा टॅब मारा, संवाद लिहा. टॅब बरोबर 3 सेंटिमीटरवर जाऊन थांबतो, वेगळा थांबा आखावा लागत नाही. संवाद दहा ओळींचा झाला तरी प्रत्येक ओळ त्याच रेषेवर उतरते. सुलोचनाबाई मावत नसतील तर 3 च्या जागी 3.5 करा, अख्खी संहिता एका दमात सरकेल.

ओळींमधलं अंतर, आणि देवनागरीची अडचण

इथे इंग्रजीतल्या बहुतेक मार्गदर्शिका आपल्या उपयोगाच्या राहत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

'सिंगल' हा ठरावीक आकडा नाही. फॉन्ट बनवणाऱ्याने आपल्या अक्षरांना वर-खाली किती जागा लागेल ते फॉन्टमध्ये लिहून ठेवलेलं असतं. सिंगल म्हणजे तेवढी जागा. टाइम्स न्यू रोमन 12 पॉइंटला ती साधारण 13.8 पॉइंट भरते. देवनागरीला जास्त लागते, आणि ते साहजिक आहे. 'मूर्तींना' हा एकच शब्द बघा. शिरोरेषेच्या वर दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकत्र आलेत, आणि 'म'च्या खाली ऊकार लोंबतोय. 'राष्ट्र'मधलं जोडाक्षर खाली किती उतरतं तेही बघा. विंडोजचा मंगल फॉन्ट म्हणूनच उंच ओळ घेतो. त्याला 'दीड' अंतर दिलं की पान अगदीच विरळ दिसतं. प्रबंधाच्या नियमांत 'दीड अंतर' एवढंच लिहिलेलं असेल, तर इंग्रजी आणि मराठी प्रबंधांच्या पानांत सारख्या ओळी बसणार नाहीत हे गृहीत धरावं.

दुसरी अडचण मिश्र मजकुराची. परिच्छेदात नुसत्या रोमन अक्षरांची किंवा आकड्यांची ओळ आली तर ती बुटकी होते आणि मराठी ओळ उंच राहते. ओळींमधलं अंतर खालीवर व्हायला लागतं. सिंगल, दीड, दुप्पट हे सगळे प्रकार ओळीतल्या सगळ्यात उंच फॉन्टवरून हिशेब करतात, त्यामुळे त्यांनी हे सुटत नाही. 'अ‍ॅट लीस्ट' म्हणजे 'किमान इतकं'. त्याचा उपयोग तुम्ही दिलेला आकडा उंच फॉन्टच्या गरजेपेक्षा मोठा असेल तरच होतो.

उरतो 'एक्झॅक्टली', म्हणजे 'बरोब्बर इतकंच'. याने ओळी एकसारख्या होतात, पण आकडा कमी पडला तर वेलांट्या आणि रफार वरून छाटले जातात. 'मूर्तींना'चं मुंडकं उडतं. 14 पॉइंटच्या देवनागरीला 22 ते 24 पॉइंटपासून सुरुवात करून बघावी, आणि 'मूर्तींना'सारखा एक शब्द लिहून तपासावं. वर्ड आणि लिब्रेऑफिसमध्ये ही सोय आहे. गूगल डॉक्समध्ये फक्त पटीतलं अंतर मिळतं.

एक्झॅक्टलीचा आणखी एक प्रताप: अशा परिच्छेदात फोटो घातला की फोटोची फक्त एक पट्टी दिसते. फोटो बिघडलेला नसतो. ओळीची उंची 24 पॉइंट ठरवून दिल्यावर वर्ड फोटोलाही तेवढीच जागा देतो. फोटोच्या परिच्छेदापुरतं अंतर सिंगल करा, फोटो पुरा दिसेल.

'पण छापल्यावर सारखंच दिसतं ना?'

एका पानाच्या अर्जात हो, सारखंच दिसतं. घाईत टाइप केलेल्या पत्रात दोन एंटर मारले म्हणून काही बिघडत नाही, आणि त्यासाठी कुणी डोकेफोड करूही नये. प्रश्न येतो तो मजकूर लांबला, बदलला किंवा दुसऱ्याच्या हातात गेला की.

रिकामा परिच्छेद पानाच्या शेवटी आला तर तो पुढच्या पानाच्या माथ्यावर जाऊन बसू शकतो. मग एका पानाचा मजकूर वरून सुरू होतो आणि दुसऱ्याचा एक ओळ खालून. आफ्टरमधली जागा पान संपलं की तिथेच संपते, पुढच्या पानावर येत नाही. नवीन प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून वीस एंटर मारलेले असतील, तर आधीच्या प्रकरणात दोन ओळी वाढल्या की शीर्षक दोन ओळी खाली घसरतं. त्यासाठी कंट्रोल आणि एंटर आहे. उपशीर्षक पानाच्या तळाशी एकटं राहत असेल तर पॅरेग्राफच्या खिडकीच्या दुसऱ्या टॅबवर 'कीप विथ नेक्स्ट' आहे. ते लावलं की उपशीर्षक खालच्या परिच्छेदाला सोडून राहत नाही.

आणखी एका वाचकाचा विचार करायला हवा. दृष्टिहीन माणसं एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरवर मजकूर ऐकतात. रिकाम्या ओळीवर आलं की तो 'ब्लँक' म्हणतो. आपण सजावट म्हणून मारलेले सहा एंटर त्यांना 'ब्लँक, ब्लँक, ब्लँक' असे सहादा ऐकावे लागतात.

'प्रत्येक परिच्छेदाला हे करत कोण बसणार?'

कुणीच बसू नये. त्यासाठी स्टाइल असतात. स्टाइल म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या सूचनांचा संच. साधा मजकूर 'नॉर्मल' स्टाइलमध्ये असतो. होम टॅबवर तिच्या नावावर राइट क्लिक करून 'मॉडिफाय' निवडा, आतल्या 'फॉरमॅट' बटणातून पॅरेग्राफमध्ये जा आणि आकडे एकदाच ठरवा. फाइलमधला त्या स्टाइलचा सगळा मजकूर एका झटक्यात बदलतो. संहितेसाठी 'संवाद' नावाची आपली स्टाइल करता येते. काही परिच्छेद तरीही ऐकत नसतील तर त्यांच्यावर कुणीतरी हाताने वेगळे आकडे लावलेले असतात. ते निवडून कंट्रोल आणि क्यू दाबलं की वरचं हातकाम पुसलं जातं आणि परिच्छेद स्टाइलच्या मूळ सूचनांवर येतो.

दुसरीकडून मजकूर चिकटवताना कंट्रोल आणि व्ही ऐवजी 'कीप टेक्स्ट ओन्ली' हा पर्याय घ्या. नाहीतर त्या पानाचे इंडेंट आणि फटी बिनबोभाट तुमच्या फाइलमध्ये मुक्कामाला येऊ शकतात.

जुनी फाइल साफ करताना

आधी फाइलची प्रत काढा. मग कंट्रोल आणि एच दाबून शोधून बदलायची खिडकी आणि तिच्यातलं 'मोअर' उघडा. 'फाइंड'च्या रकान्यात कर्सर ठेवून खालच्या 'स्पेशल' बटणातून 'पॅरेग्राफ मार्क' दोनदा निवडा, 'रिप्लेस'च्या रकान्यात एकदा. 'रिप्लेस ऑल' करा. तिहेरी-चौहेरी एंटर एका फेरीत जात नाहीत, म्हणून बदल होणं थांबेपर्यंत पुन्हा करत राहा. अगदी शेवटी एखादी जागा उरतेच, ती हाताने काढावी. ओळीच्या सुरुवातीचे टॅब काढायला फाइंडमध्ये 'पॅरेग्राफ मार्क' आणि त्यापुढे 'टॅब कॅरॅक्टर', रिप्लेसमध्ये नुसता 'पॅरेग्राफ मार्क'. मात्र संहितेत नावापुढचा टॅब ओळीच्या सुरुवातीला नसतो, त्यामुळे तो शाबूत राहतो.

फाइलमध्ये कविता असतील तर त्या आधी वेगळ्या काढून ठेवा. बहुतेक कवी प्रत्येक ओळीनंतर एंटर मारतात आणि कडवं संपलं की दोनदा. वरची साफसफाई कडव्यांमधली जागाही गिळते, आणि कडवं कुठे संपत होतं ते मग कवीलाच फोन करून विचारावं लागतं.